काटा थांबेपर्यंत

आमच्या घरात सकाळी फोन डब्यात जातात. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे, आत दुमडलेला टॉवेल, वर घट्ट झाकण, आणि डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर. धंदाच तसा आहे. आम्ही तराजू दुरुस्त करतो. भाजीवाल्यांचे, धान्यवाल्यांचे दणकट काटे भाऊ पुढच्या खोलीत ठोकूनठाकून देतो. पण सराफांचे आणि प्रयोगशाळांचे नाजूक तराजू मागच्या खोलीत काचेच्या पेटीत बसलेले असतात, आणि त्यांचा मान फार मोठा. शेजारी कोणी सुस्कारा सोडला तरी ते रुसतात. टेबलावर फोन थरथरला की काटा असा नाचायला लागतो की बघवत नाही. म्हणून सकाळच्या कामाला पंखा बंद, खिडकी बंद, फोन डब्यात. दारावर भावाने पाटी लावली आहे, ‘काटा चालू आहे, आत येऊ नये.’ एका गिऱ्हाइकाने त्याखाली खडूने लिहून ठेवलं होतं, ‘आमचं काय चालू आहे ते कोण विचारतो?’ भावाने ते पुसलं नाही.

नाजूक काम माझ्याकडे. माझा हात हलका आहे हे एक, आणि सकाळी माझी जीभ बंद असते हे दुसरं. पहाटे दिवा लावला की मी मौन धरते, ते दुपारी जेवणाआधीची प्रार्थना म्हणून सोडते. असे माझे दोन-चार नेम आहेत. पहिला घास पाखरांना, झोपताना कोणावरचा राग उशाशी घ्यायचा नाही, आणि हे मौन. का धरतेस असं लोक विचारतात. सांगण्यासारखं मोठं काही नाही. बाहेरचं बोलणं थांबलं की आतलं नाम ऐकू येतं, एवढंच. 

अगदीच अडलं तर हातातल्या चिमट्याने पितळी पारड्यावर वाजवते. एकदा टण म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडते, “वन्सं, दूध नासलं होतं का काल?” टण. “मग मला का नाही सांगितलंत?” याला टण नसतो. मग ती स्वतःशीच बोलत बसते.

न बोलणाऱ्या माणसाजवळ लोक फार बोलतात. आमच्या घरात तर हे ठरूनच गेलं आहे. ज्याला जे मनातलं बोलायचं असेल तो सकाळी माझ्या टेबलाशेजारच्या स्टुलावर येऊन बसतो, हळू आवाजात, श्वास सांभाळून बोलतो आणि हलका होऊन जातो. माझ्याकडून सल्ला येत नाही, उपदेश येत नाही, आणि बाहेर तर काहीच जात नाही.

तर त्या दिवसांत ते स्टूल रिकामं राहत नव्हतं.

भावाची मुलगी. घरात तिला गुंज म्हणतात. सराफ पूर्वी ज्या लाल-काळ्या बीने सोनं तोलायचे ती गुंज. जन्मली तेव्हा एवढीशी होती, आणि भावाचा दवाखान्याच्या काट्यावर विश्वास नव्हता. घरी आणल्या आणल्या त्याने तिला आपल्या काट्यावर ठेवलं आणि म्हणाला, “दवाखान्याचा काटा खोटा आहे, ताई. ही थोडी जास्त भरतेय.” वहिनीने आयुष्यभर त्याला यावरून बोलून घेतलं आहे. त्या काट्यांमध्येच पोर वाढली. बोलायला लागायच्या आधी तिला पारडी समतोल करता येत होती. मोठी झाली आणि म्हणाली, मला मोजायच्या यंत्रांचंच शिकायचंय. ते जिथे चांगलं शिकवतात ते कॉलेज लांबच्या शहरात. तिथे प्रवेश मिळाला. पण शिष्यवृत्ती मिळाली तरच तिला तिथे जाता येणार होतं, आणि तिचं काही कळत नव्हतं.

कळत नव्हतं म्हणजे काय, रोज तेच कळत होतं. मोबाइलवर ते पान उघडलं की एकच शब्द यायचा, ‘विचाराधीन’. गुंज उठल्यावर बघायची, जेवताना बघायची, केस विंचरता विंचरता बघायची. भाऊ म्हणाला, “एवढा विचार तर मी लग्न ठरवताना केला नव्हता.”

वहिनी म्हणाली, “ते दिसतंच आहे.”

कार्यालयात फोन केला तर लागायचा नाही. लागला तर गाणं वाजायचं. गाणं संपलं की फोन कटायचा. गुंजला ते गाणं इतकं पाठ झालं की अंघोळ करताना ती तेच गुणगुणायची आणि मग स्वतःवरच चिडायची.

संपर्कासाठी नंबर माझा दिला होता. त्यामागे घरातल्या सगळ्यांचं डोकं लागलेलं होतं. भावाचा फोन गिऱ्हाइकांमुळे सदा गुंतलेला. वहिनीचा तिच्या बहिणीमुळे. गुंजच्या फोनची बॅटरी बसलेली. “आत्याला कोणीच फोन करत नाही,” गुंज म्हणाली होती, “तिचा लगेच लागेल.” सगळ्यांना ते पटलं, मलाही पटलं. माझा साधा बटणांचा फोन आहे, पण चार्जिंग टिकतं. सकाळी तोही डब्यात असतो आणि बाहेर असला तरी मी बोलत नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. रोजचं झालं की डोळ्यांसमोरचंही दिसत नाही तसं झालं.

दुपारी डबा उघडल्यावर माझ्या फोनवर एक अनोळखी नंबर दिसायला लागला. वहिनी म्हणाली, “कर्ज विकणारे असतील, वन्सं. उलटा फोन करू नका, पाठीच लागतात.” मी केला नाही.

त्याआधीच एकदा भाऊ स्टुलावर येऊन बसला होता. म्हणाला, “ताई, कोणाला सांगू नकोस. गुंजचं होईपर्यंत मी चहात साखर सोडली आहे. तुझ्यासारखे मोठे नेम मला जमायचे नाहीत, पण एवढं जमतंय.” जमत नव्हतं. चहाचा घोट घेताना तो असं तोंड करायचा की जणू कोणी दाढ उपटतंय. साखर टाळायची म्हणून स्वतःचा चहा स्वतः करायला लागला होता, आणि वहिनीला वाटलं, नवरा सुधारला.

मग वहिनी आली. पदराने कपाळ पुसत म्हणाली, “वन्सं, यांना बोलू नका. मी दुपारची झोप सोडली आहे गुंजसाठी. डोळा लागला की उठून डबे घासते.” म्हणजे दुपारी भांड्यांचा तो आवाज यासाठी होता. मला वाटत होतं, घरात झुरळं झाली.

ऐकताना हसू यायचं. देवाशी असा सौदा करू नये असं मला वाटतं. तो काही दुकान मांडून बसलेला नाही. पण ती दोघं ज्या तोंडाने सांगायची त्या तोंडाकडे बघून मीच त्याला म्हणायचे, बाबा, यांची साखर आणि झोप मान्य करून घे, यांना दुसरं काही येत नाही.

जवळच्या कॉलेजातही गुंजने अर्ज टाकून ठेवला होता. तिथे तिला हवं ते शिकवत नाहीत, पण जागा मिळाली होती, आणि ती नक्की करायचा शेवटचा दिवस येऊन ठेपला. त्या दिवशी दुपारी बारापर्यंत खिडकी उघडी, मग जागा दुसऱ्याला. आणि शिष्यवृत्तीवाल्यांचा नियम असा की दुसरीकडे जागा घेतली की इकडचं नाव आपोआप गळणार. घेतली नाही आणि शिष्यवृत्तीही हुकली, तर वर्ष हातचं गेलं.

त्या सकाळी गुंज स्टुलावर येऊन बसली. आत येताना तिने नेमाप्रमाणे आपला फोन डब्यात टाकला होता. केस ओले होते, कपडे बाहेर जायचे. माझ्या पेटीत एका सराफाचा तराजू होता आणि काटा डुलत होता, म्हणून ती आधी गप्प बसली. काटा थांबला. मी वजन टिपून घेतलं. मग ती म्हणाली,

“आत्या, मी जवळच्या कॉलेजात नाव घालून येतेय.”

मी चिमटा उचलला. टण टण.

“टण टण काय करतेस? मी काही विचारलंच नाहीये,” ती म्हणाली. “सांगतेय फक्त. तू बोलू शकत नाहीस म्हणूनच आत्ता सांगतेय. दुपारी सांगितलं असतं तर तू एक वाक्य बोलली असतीस आणि मी राहिले असते.”

मी चिमटा खाली ठेवलाच नाही.

“बाबा बिनसाखरेचा चहा पितात. मला कळत नाही असं वाटतं त्यांना. आई दुपारी उभ्या उभ्या पेंगते, काल घासलेलं पातेलंच परत घासत होती. का ते मला दिसतं, आत्या. आणि तू? तुझं दिव्यापुढचं बसणं किती लांबलंय? मी रोज ते पान उघडते तेव्हा तिघांचे डोळे माझ्या तोंडावर असतात. मला नकार आला तर मी रडेन आणि गप्प बसेन, माझं काही नाही. पण तुमची तोंडं बघायची मला हिंमत नाही. नाव घातलं की सगळं संपेल. आज दुपारी बाबा साखर घालून चहा पितील.”

टण टण, मी पुन्हा वाजवलं.

तिने वाकून माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली. तिच्या ओल्या केसांचं पाणी माझ्या मानेवर आलं. “चिडू नकोस हं,” म्हणाली आणि गेली. पुढच्या खोलीत भावाचा हातोडा चालू होता. “कुठे निघालीस गं?” “आले बाबा, जरा!” झालं. पोर गेली.

मी दुसरं वजन पारड्यात ठेवायला घेतलं आणि ते चिमट्यातून निसटलं. आयुष्यात माझ्या हातून वजन पडलेलं नाही. नाम घ्यावं म्हटलं तर नामही लागेना. मनात येत होतं, तिचं आयुष्य आहे, तिने ठरवलंय, मी कोण? आणि लगेच येत होतं, तिने कुठे ठरवलंय, तिने तर आमचा चहा ठरवलाय. पाणी प्यावं म्हणून उठले, स्वयंपाकघरात गेले, तर डबा वाजत होता.

वाजायचा थांबला. पुन्हा वाजायला लागला. पत्र्यात टॉवेल असला तरी घुर्र घुर्र ऐकू येतं. माझ्या हयातीत फोन बाहेर काढायला तो डबा सकाळी कोणी उघडलेला नाही. मी झाकण काढलं. माझाच फोन होता, तोच नंबर. कर्ज तर कर्ज म्हटलं, आणि उचलला.

“हॅलो! शिष्यवृत्ती कार्यालयातून बोलतेय. अहो किती दिवस सकाळी फोन करतेय मी, घरात कोणी आहे की नाही? मुलीच्या घरूनच ना?”

ओट्यावर स्टीलचा पेला होता, शेजारी चमचा. मी वाजवलं. टण.

“हॅलो? आवाज येत नाहीये. भांडी घासताय का? माझं ऐकू येतंय?”

टण.

त्या बाई सावकाश म्हणाल्या, “हे तुम्ही मला उत्तर देताय का?”

टण.

“म्हणजे एकदा वाजलं की हो?”

टण.

“आणि नाही?”

टण टण.

“अगं बाई!” त्या हसल्या. दमलेल्या माणसाचं हसू होतं ते. “सकाळपासून सगळे माझ्या अंगावर ओरडतायत. त्यापेक्षा हे बरंय. ऐका मग. मुलीची फाइल शेवटच्या टेबलावर आली आहे. आज दुपारी समिती बसतेय. मला एकच गोष्ट नक्की करून लिहायची आहे. तिने दुसऱ्या कुठल्या कॉलेजात जागा घेतली आहे का? घेतली असेल तर नाव इथेच थांबेल. नसेल तर पुढे जाईल. घेतली आहे?”

चमचा माझ्या हातात होता.

एकदा वाजवलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. दोनदा वाजवलं असतं तर कदाचित खोटं झालं असतं. पोर त्या खिडकीपाशी पोचली होती का, वाटेत होती, सही करून झाली होती, मला काय माहीत? आमच्या घरात काटा डुलत असताना वजन सांगत नाहीत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, भाऊ म्हणतो, थांबू दे. पण ‘थांबू दे’ याला टण नव्हता. इतक्या वर्षांत तो ठेवायचं कधी सुचलंच नव्हतं.

मी डोळे मिटले. मनातल्या मनात त्याला सांगितलं, बोलतेय रे.

“बाई,” मी म्हटलं. आवाज घोगरा, गंजलेला, माझा मलाच ओळखू आला नाही. “मला माहीत नाही. पोरगी तिकडेच गेली आहे. मी बघून सांगते. तोवर काही लिहू नका.”

“तुम्हाला बोलता येतं?” बाई थक्क.

“येतं. सकाळी बोलत नाही मी.”

“मग आज का बोललात?”

“दोन्हीतलं कुठलंही वाजवलं असतं तर चुकलं असतं.”

त्या मऊ आवाजात म्हणाल्या, “समिती बसायच्या आत सांगा. याच नंबरवर. मी उचलीन.”

वळले तर दारात वहिनी, हातात बादली, तोंडाचा आ. माझा सकाळचा आवाज ऐकून तिला एकच सुचलं. “कोण गेलं?” तिने विचारलं आणि बादली खाली ठेवली. “अहो! अहो, इकडे या! वन्सं बोलल्या!”

हातोडा थांबला. भाऊ पळत आला, पांढराफटक पडलेला. “ताई? काय झालं? कोणाला झालं?”

“कोणाला काही झालं नाही. गुंज जवळच्या कॉलेजात नाव घालायला गेली आहे. शिष्यवृत्तीवाल्या बाईंचा फोन होता, नाव घातलं की इकडचं गेलं. तिचा फोन डब्यात आहे. स्कूटर काढ.”

“पण का? का गेली?”

“तुझ्या बिनसाखरेच्या चहामुळे.”

“कसला बिनसाखरेचा चहा?” वहिनी.

“आणि तुझ्या दुपारच्या झोपेमुळे,” मी म्हटलं.

“कसली झोप?” भाऊ.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत स्टुलावरची गोष्ट मी पहिल्यांदा बाहेर फोडली, आणि तीही एका दमात दोन. “भांडा नंतर,” मी म्हटलं, “माझ्या चपला कुठे आहेत?”

वहिनी म्हणाली, “तुम्ही व्हा पुढे. मी डब्यापाशी बसते.” माझा फोन तर माझ्या हातातच होता, डब्यात आता काय वाजणार होतं देव जाणे, पण ती खरंच स्टूल ओढून डब्यासमोर बसली.

भाऊ स्कूटर नेहमी हळू चालवतो. मागे तराजू बांधलेले असतात ना, सवय झाली आहे. मी मागून त्याच्या पाठीवर बुक्की मारली. “मी तराजू नाहीये, पळव!” तो म्हणाला, “ताई, तू बोलत नव्हतीस तेच बरं होतं,” आणि पळवली.

कॉलेजाच्या फाटकाशी मला उतरवून तो स्कूटर लावायला गेला. आत लांबच लांब व्हरांडा, त्याच्या टोकाला खिडकी, आणि मध्ये मुलांचा, आईबापांचा गलका. हातात कागद, कोणाच्या तोंडात पेनचं टोपण. मला माझी पोर दिसेना. “गुंज,” मी हाक मारली. माझी हाक म्हणजे काय, दोन हातांवर ऐकू जाईल इतकी. नेम धरून धरून आवाज तेवढाच उरला आहे. कोणी वळलंसुद्धा नाही.

मग मी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले. “गुंज!”

सगळा व्हरांडा वळला. आणि रांगेच्या अगदी शेवटी, भिंतीला टेकलेली ती वळली. तिचा चेहरा असा झाला की जणू घरातला तराजू उठून चालत आला आहे.

“आत्या?”

“नाव घातलंस?”

“तू बोलतेयस?”

“नाव घातलंस का?”

“नाही अजून.” 

खिडकीतल्या कारकुनाला सगळं ऐकू जात होतं. तो मान बाहेर काढून म्हणाला, “आल्यापासून ही येणाऱ्या प्रत्येकाला म्हणतेय, तुम्ही व्हा पुढे. एवढी सज्जन मुलगी कॉलेजला मिळाली तर आम्हाला आनंदच आहे, पण खिडकी मी बंद करणार आहे.”

गुंजच्या हातातला कागद घामाने मऊ पडला होता. “पाय पुढे होत नव्हता,” ती हळूच म्हणाली. मग तिला एकदम कळलं. “अजून दुपार व्हायचीय. आत्या, माझ्यामुळे मोडलंस?”

“देव मला रोज ऐकतो. आज तुला ऐकू जायला हवं होतं.”

मी तिला फोनचं सांगितलं. फाइल शेवटच्या टेबलावर आहे, दुपारी समिती आहे, मिळेलच असं काही नाही, पण इथे नाव घातलं तर नक्की मिळणार नाही. तिने ऐकलं आणि तिचे डोळे भरले.

“आणि नाही मिळालं तर? तुम्ही सगळ्यांनी काय काय सोडलंय. बाबांच्या त्या सगळ्या चहांचं मी काय करू?”

तोवर भाऊ धापा टाकत मागे येऊन उभा राहिला होता. “ते चहा माझे होते,” तो म्हणाला. “तुझ्या अंगावर कशाला घेतेस? डॉक्टर तसेही ओरडले होते साखरेवरून. तुझं नाव पुढे केलं म्हणजे देवाला जरा बरं वाटेल म्हटलं.”

गुंज रडता रडता हसली. “म्हणजे तुम्ही देवालाही फसवलंत?”

“एका कामात दोन कामं,” भाऊ म्हणाला. “दुकानदार माणूस मी.”

काय कर ते मी तिला सांगितलं नाही. तोंड उघडलेलं होतं, सांगता आलं असतं. पण जे सांगायचं ते ओरडून झालं होतं. ती त्या कागदाकडे बघत राहिली, खिडकीकडे बघितलं, मग कागदाची घडी घालून पिशवीत टाकली.

“मला वाट बघायचीय,” ती म्हणाली.

“बघ हं पोरी,” कारकून म्हणाला, “उद्या आलीस तर जागा नसेल.”

“नाही येणार, काका.”

त्याने खिडकीचं शटर खाली ओढलं. तो आवाज आम्ही तिघांनी ऐकला. मग मी त्या बाईंना फोन लावला. त्यांनी खरंच लगेच उचलला. “नाही घेतली,” मी सांगितलं. “बरं,” त्या म्हणाल्या, “लिहिते.”

घरी येऊन मी प्रार्थना म्हटली, उशीर झाला होता तरी. पाखरांचा घास ठेवला. जेवण कोणाच्याच घशाखाली उतरत नव्हतं. भाऊ म्हणाला, “नुसतं बसून काय होणार,” आणि सकाळचा तो अर्धवट राहिलेला सराफाचा तराजू गुंजला दिला. ती माझ्या खुर्चीत बसली. आम्ही तिघं मागे उभे. नाजूक काम म्हटल्यावर फोन आपोआप डब्यात गेले, पंखा बंद झाला. आजच्या दिवशी तरी फोन हातात ठेवावा हे कोणालाच सुचलं नाही. अशी आम्ही माणसं.

गुंजने चिमट्याने वजन उचललं, पारड्यात ठेवलं, पेटीचं काचेचं दार लावलं. काटा डावीकडे गेला, उजवीकडे आला. आणि स्वयंपाकघरात डबा वाजायला लागला.

वहिनीने माझा दंड धरला. भावाने एक पाऊल टाकलं आणि थांबला, कारण जमीन हलली तर काटा हलतो. गुंजची मान ताठ होती, नजर काट्यावर. तिने ओठ हलवले, “थांबू दे.” डबा वाजत होता. काटा लहान लहान झोके घेत मधे येत होता. मला मनातल्या मनात नाम घ्यायचंही सुचेना, मी नुसती त्या काट्याकडे बघत होते. आला. थांबला. गुंजने वजन वाचलं, टिपून घेतलं, आणि मग उठून स्वयंपाकघराकडे पळाली. आम्ही मागून.

डबा गप्प झाला होता. तिने झाकण काढलं तोच तो पुन्हा वाजला. माझाच फोन. तिने तो माझ्यापुढे धरला. “तू घे, आत्या. त्या तुलाच ओळखतात.”

“हॅलो,” पलीकडून आवाज आला, “आता बोलता का, की पेला वाजवता?”

“बोलते,” मी म्हटलं.

“मग सांगा मुलीला. झालं तिचं. पूर्ण शिष्यवृत्ती. कागद येईल नंतर, आमचे कागद रमतगमत येतात. मला राहवलं नाही म्हणून आधी फोन केला.”

मी फोन खाली घेतला. तिघं माझ्या तोंडाकडे बघत होती. वहिनीने पदर दातात धरला होता. गुंज म्हणाली, “आत्या? झालं का?”

दुपार कधीच होऊन गेली होती. मौन सुटलं होतं, बोलायला काही हरकत नव्हती. पण मी ओट्यावर हात फिरवला, चमचा सापडला.

टण.

नंतरचं काय सांगू? भाऊ डोळे पुसत म्हणत होता, पितळेचा कीस गेलाय. गुंज माझ्या गळ्यात पडली ती सुटेना. वहिनीने गॅसवर चहा ठेवला आणि भावाने साखरेचा डबा पुढे केला, तसा तिने तो काढून घेतला. “डॉक्टर ओरडले होते ना? हे मला कधी कळणार होतं?” मग अर्धा चमचा घातला. त्याने पहिला घोट घेतला आणि म्हणाला, “गोड फार झालाय.” संध्याकाळी वहिनी जी झोपली ती जेवायलाच उठली.

रात्री दिव्यापुढे बसले तेव्हा देवाला विचारलं, मोडलं ते चाललं ना? त्याने एकदाही वाजवलं नाही, दोनदाही नाही. मी जरा वेळ थांबले, मग वात सारखी केली आणि उठले.

सकाळी दिवा लावून मौन धरलं. भावाने पंखा बंद केला, खिडकी लावली, पाटी लावली. गुंज स्टुलावर येऊन बसली. तिकडे थंडी असते का, किती कपडे न्यावेत, खोलीत कोण असेल, असं काय काय बोलत राहिली. मग म्हणाली, “मी तिकडून सकाळी फोन केला तर?”

मी उठले, स्वयंपाकघरात गेले. डब्यातून माझा फोन काढला, टॉवेलाची दुहेरी घडी करून फळीवर ठेवली आणि त्यावर तो ठेवला. शेजारी पेला ठेवला, आणि त्यात चमचा.